निंबाच्या अँबेसिडरला टर्बो

चरणमाळच्या घाटात गाडी मागं आली, त्या दिवसापासून निंबानं घाटाचं नाव टाकलं होतं.

उन्हाळ्यातली गोष्ट. नवापूरहून भाडं घेऊन तो पिंपळनेरला परत येत होता. गाडी म्हणजे मालेगावच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली जुनी डिझेल अँबेसिडर. आत माणसं दाटीवाटीनं बसलेली, टपावर गाठोडी. वरच्या अंगाच्या एका वळणावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडायला लागली. पहिला टाकावा म्हणून निंबानं क्लच दाबला, पण त्या गाडीत पहिला गिअर चालता चालता कधी सुखानं पडलाच नव्हता. गिअरचे दात करकरले, इंजिन बंद पडलं आणि भरलेली गाडी मागं घरंगळायला लागली. निंबा ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिला. तरी ती घसरत गेली आणि मागचं चाक कठड्याच्या दगडाला जाऊन अडलं. कठड्याच्या पलीकडं सागाची झाडं होती. त्यांचे शेंडे रस्त्याच्या खाली दिसत होते.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. माणसं उतरली, एकमेकांना हात देत हसली, गाडी ढकलत पुढच्या सपाटीपर्यंत नेली आणि पुन्हा बसली. निंबा मात्र पिंपळनेर येईपर्यंत आरशातून पुन्हा पुन्हा मागं बघत राहिला.

पुढं तो साक्री, धुळे अशी सपाट रस्त्यावरचीच भाडी घेऊ लागला. नवापूरचं गिऱ्हाईक आलं की म्हणे, "इंजिनमा दम नही ऱ्हायना, भाऊ." ते खोटं नव्हतं. पण त्याच्या बायकोला, प्रमिलाबाईला, त्यातलं उरलेलं खरंही ठाऊक होतं. गाडी पुसताना निंबाचा हात गिअरच्या दांड्यापाशी आला की थांबायचा. ती पाहायची.

अडचण अशी की त्यांची एकुलती एक लेक, वैजंता, नवापूरलाच दिली होती. जावई भिकन शिंपीकाम करायचा, माणूस गरीब स्वभावाचा. दिवाळी झाली आणि त्याचं पत्र आलं: वैजूला सातवा लागला, पहिलं बाळंतपण माहेरी, तर घेऊन जा. खाली विहीणबाईंनी आपल्या मनचं एक वाक्य जोडलं होतं. घरात गाडी असताना पोरीला बसच्या दणक्यांत नेऊ नका.

"आंडेरले, आपली वैजूले, बसमा कशी आननी?" प्रमिलाबाई म्हणाली.

निंबा अंगणात जाऊन गाडीभोवती फिरला. मग म्हणाला, "गाडी इकी टाकू. कोनी तरी जीप करू न् वैजूले आनू."

 दुसऱ्या दिवशी ती बाळाच्या कपड्यांसाठी मलमल आणायची म्हणून त्याच्याबरोबर गाडीत बसून धुळ्याला आली.

धुळ्यात आग्रा रोडला जुन्या गाड्यांचा एक दलाल होता. त्यानं बॉनेट उघडलं, बंद केलं आणि भंगाराचा भाव सांगितला. निंबाचं तोंड उतरलं. दोघं शेजारच्या पत्र्याच्या शेडपाशी चहा घेत बसली, तेव्हा त्या शेडमधून एक उंच, पांढऱ्या होत चाललेल्या दाढीचा माणूस हात पुसत आला आणि न विचारताच गाडीखाली वाकून पाहू लागला.

"इंजिन चांगलं आहे की हो," तो म्हणाला. "भंगारात का घालताय?"

"चढत नही," निंबा म्हणाला.

"चढणार कसं? एवढ्या जड गाडीला एवढुसं इंजिन. श्वास पुरत नाही बिचारीला."

हा शकील. कितीतरी वर्षं कुवेतमध्ये एका मोठ्या गॅरेजात होता. आदल्या वर्षी तिकडं लढाई पेटली आणि हातातला पाना टाकून, नेसत्या कपड्यांनिशी वाळवंट ओलांडून तो परत आला. धुळ्यात त्याची बायको रहिमाबी आणि हे उसनं शेड, एवढंच उरलं होतं. तिकडं त्यानं टर्बोच्या गाड्या हाताळल्या होत्या, आणि इकडं चहाच्या टपरीवर त्याबद्दल बोलायला लागला की लोक एकमेकांकडं बघून हसत. त्याला 'टर्बो शकील' म्हणत. ट्रकांना टर्बो नुकते कुठं दिसायला लागले होते. अँबेसिडरला टर्बो म्हणजे बैलगाडीला पंख, असं लोकांना वाटे.

"टर्बो म्हंजे काय रास?" प्रमिलाबाईनं विचारलं.

शकीलनं खाली बसून मातीत बोटानं दोन चाकं काढली. "सायलेन्सरमधून जो धूर वाया जातो ना वहिनी, तो आधी या चाकावर सोडायचा. धुराच्या जोरानं हे गरागरा फिरतं. त्याच दांड्यावर हे दुसरं चाक. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, की डिझेल जास्त जळतं. तेच इंजिन, पण जोर वाढतो."

"म्हणजे फुंकणी."

शकील तिच्याकडं बघतच राहिला. मग मोठ्यानं हसला. "फुंकणीच. कुवेतमध्ये मला हे समजायला सहा महिने लागले."

निंबा म्हणाला, "आम्हापाशी पैसा नही, शकीलभाई."

"माझ्यापाशी पण नाही," शकील म्हणाला. "म्हणूनच म्हणतो, गाडी इथं ठेवा. जुन्या मालातून जमवू."

निंबा कदाचित उठून गेला असता. पण प्रमिलाबाईनं चहाची बशी खाली ठेवली आणि त्याला म्हणाली, "ठेवा." एवढंच. मग ती मलमल घ्यायला पेठेत गेली.

टर्बो मिळाला भुसावळला. दीपनगरच्या वीज केंद्रातून लिलावात निघालेला माल घेणारा हबीब नावाचा भंगारवाला शकीलचा लहानपणचा दोस्त होता. त्याच्याकडं एका परदेशी फिरत्या कॉम्प्रेसरचं छोटं इंजिन गंजत पडलेलं. त्या इंजिनाला फुटभर अंतरावरूनही ओळखू येणार नाही इतका मळलेला, आकारानं नारळाएवढा टर्बो होता. शकीलनं बोटानं त्याचं चाक फिरवलं. ते अडखळलं नाही. त्याच्या बदल्यात शकील आणि निंबानं हबीबच्या ट्रकचा गिअरबॉक्स उतरवून दुरुस्त करून दिला. निंबानं हात काळे केले, नट धुतले, जड भाग उचलले. आयुष्यभर गाडी चालवून तिच्या पोटात एवढं काय काय असतं हे त्याला तेव्हा कळलं.

बाकी सगळं जुळवाजुळवीचं काम. धूर इंजिनातून टर्बोकडं नेणारा फाटा विकत मिळणं शक्यच नव्हतं. तो शकीलनं जाड भिंतीच्या जुन्या पाइपाचे तुकडे कापून, जोडून, वेल्डिंग करून बनवला. टर्बोतून इंजिनात हवा नेणारी नळी म्हणजे ट्रकच्या रेडिएटरचा रबरी पाइप. टर्बोला तेल पोचवायला ब्रेकची तांब्याची नळी. दाब वाढला की इंजिनाचं डोकं फाटू नये म्हणून डोक्याखालचा सांधा मिटवणारं गॅस्केट जाड हवं होतं. ते गल्ली नंबर पाचच्या पलीकडं राहणाऱ्या एका तांबटानं तांब्याच्या पत्र्यातून कातरून दिलं. त्यानं ते उजेडात धरून पाहिलं आणि एवढ्या भोकांचं झाकण कुठल्या भांड्याचं, असं विचारलं.

सर्वांत अवघड गोष्ट होती दाब मोजणं. दाब किती झाला हे कळल्याशिवाय पुढं जायला शकील तयार नव्हता. थोडा कमी पडला तर फुकटची मेहनत, थोडा जास्त झाला तर इंजिनाचे तुकडे. आणि तसं मीटर धुळ्यात नव्हतं, मुंबईहून मागवायची ऐपत नव्हती.

तोड प्रमिलाबाईकडं निघाली. ती पिंपळनेरच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला होती. केसपेपर द्यायची, सुया उकळायची, पेशंटांना धीर द्यायची. तिथं ब्लडप्रेशर बघायचं एक घड्याळासारखं यंत्र पडून होतं. त्याची दंडाला गुंडाळायची पट्टी फाटलेली, म्हणून डॉक्टरांनी बाजूला टाकलेलं. तिनं मागितलं. डॉक्टरांनी विचारलं, कुणाचं प्रेशर बघायचंय? ती म्हणाली, गाडीचं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "घेऊन जा, पण एकशेवीसच्या वर गेलं तर मीठ बंद करा."

शकीलनं ते यंत्र हातात घेतलं आणि त्याचे डोळे चमकले. आकडे तीनशेपर्यंत होते. "बस," तो म्हणाला, "आपल्याला अडीचशेच्या आतच राहायचंय."

दाब त्यापुढं जाऊ नये म्हणून त्यानं हवेच्या पाइपावर एक झडप बसवली. जुन्या इंजिनाचा व्हॉल्व्ह आणि त्यावर मऊ स्प्रिंग. दाब वाढला की स्प्रिंग उचलायची आणि जादा हवा फर्रकन बाहेर. पण ती नेमकी कधी उचलते, हे चालत्या गाडीत, चढावरच बघायला हवं होतं.

त्यासाठी धुळ्याजवळचा लळिंगचा घाट होता. प्रमिलाबाईची सुट्टी असे त्या दिवशी ती सकाळच्या एसटीनं यायची. बॉनेटखालून आत आणलेल्या बारीक नळीला ते ब्लडप्रेशरचं यंत्र जोडलेलं. निंबा गाडी चालवायचा, शकील मागच्या सीटवर कान लावून बसायचा, आणि प्रमिलाबाई यंत्र मांडीवर धरून आकडा सांगायची.

पहिल्या दिवशी गाडीनं निळा धूर एवढा सोडला की मागचा ट्रकवाला थांबून बघत राहिला. टर्बोतून खाली येणारी तेलाची नळी मध्ये उंच झाली होती, तेल साचून धुरात जात होतं. शकीलनं ती उतरती करून घेतली. पुढच्या वेळी काळा धूर. डिझेल जास्त पडत होतं. पंपाचा स्क्रू किंचित मागं घेतला, मग पुन्हा किंचित पुढं. झडपेच्या स्प्रिंगखाली वायसर घालायचा, काढायचा. पुन्हा खाली, पुन्हा वर.

"शंभर," प्रमिलाबाई म्हणायची. "दीडशे. एकशेऐंशी. दोनशे… दोनशे चाळीस…" आणि झडप फर्र करून उघडली की तिघंही एकदम श्वास सोडायची.

एका सकाळी सगळं जुळलं. लळिंगचा चढ लागला. निंबानं सवयीनं गिअर खाली आणायला हात नेला, आणि बॉनेटखालून एक बारीक शिटी ऐकू आली, दूरच्या पिठाच्या गिरणीसारखी. गाडी मंदावली नाही. उलट सीटनं पाठीला हलकंच ढकललं. तो तिसऱ्यातच वर गेला. लळिंग किल्ल्याच्या पायथ्याला गाडी थांबवून निंबा खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला उगाचच चार पावलं चालून आला.

"गयी," तो म्हणाला. "वर गयी."

शकील मागच्या सीटवरून उतरलाच नाही. तो तिथंच डोळे मिटून बसला होता. दाढीतून हसू फुटत होतं. कुवेतमधून आल्यापासून आपण जे बोलतो ते खरं होतं का, याची त्याला स्वतःलाही अलीकडं शंका येऊ लागली होती.

पण लळिंग म्हणजे चरणमाळ नव्हे. नवापूरला जायचा दिवस ठरला, तसा निंबाचा हात पुन्हा गिअरच्या दांड्यापाशी थांबू लागला. प्रमिलाबाईनं शकीलला सांगून पाठवलं, आणि तो हत्यारांची पेटी घेऊन पिंपळनेरला आला. म्हणाला, माझं यंत्र आहे, पहिल्या घाटाला मी बरोबर पाहिजे. निंबाला बरं वाटलं, त्यानं पेटी उचलून आत नेली.

जाताना उतारच. नवापूरला विहीणबाईंनी जेवण वाढलं. भिकननं गाडीभोवती फेरी मारली. वैजूचं पोट चांगलंच दिसत होतं आणि चेहरा उजळला होता. तिला मागच्या सीटवर उश्या देऊन बसवली, शेजारी शकीलची हत्यारपेटी आणि शकील. प्रमिलाबाई पुढं, मांडीवर यंत्र. डिकीत वैजूची ट्रंक, पापडांचा डबा, विहीणबाईंनी दिलेले तांदूळ. दुपार कलायच्या आत सगळी निघाली.

घाट लागला. शिटी सुरू झाली. पहिली वळणं गाडीनं लीलया घेतली. वैजू म्हणाली, "बाबा, गाडीमा कोन शिटी वाजाडी ऱ्हायनं?" आणि शकील हसून म्हणाला, "माझी पोरगी आहे ती, बेटा."

वरच्या अंगाला, नेमक्या अवघड वळणावर, लाकडांनी भरलेला एक ट्रक आडवा उभा होता. त्याचा एक टायर बसला होता. निंबाला थांबावं लागलं. चढावर, वळणावर, कठड्याला लागून. त्यानं हँडब्रेक ओढला, ब्रेकवर पाय ठेवला, आणि त्याच्या कपाळावर घाम आला. कठड्याच्या पलीकडं सागाचे शेंडे होते.

ट्रकवाल्यानं ट्रक थोडा बाजूला घेतला आणि हात केला. आता चढावर उभ्या गाडीला जागेवरून उचलायचं होतं. अशा वेळी टर्बो लगेच कामाला येत नाही, हे शकीलनं लळिंगलाच सांगितलं होतं. आधी धुराला जोर यावा लागतो.

"घाई नको, निंबाभाऊ," शकील मागून हळू म्हणाला. "पहिला टाका. रेस वाढवा. शिटी येऊ द्या. मग क्लच."

निंबानं रेस वाढवली. इंजिन घुमलं, काळा धूर निघाला.

"पन्नास," प्रमिलाबाई म्हणाली. तिचा आवाज दवाखान्यातल्यासारखा शांत होता. "ऐंशी. एकशेदहा."

शिटी आली. निंबानं क्लच सोडला. गाडी हलली, हातभर पुढं गेली, आणि बॉनेटखाली बंदुकीच्या गोळीसारखा आवाज झाला. इंजिनाचा जोर एकदम गेला, शिटी गेली. वैजू किंचाळली. गाडी बंद पडून मागं झुकली.

निंबानं ब्रेक दाबला, हँडब्रेक खेचला. गाडी थबकली. तेवढ्यात प्रमिलाबाई उतरली होती, रस्त्याकडेचा धोंडा दोन्ही हातांनी उचलून तिनं मागच्या चाकाखाली लावला, मग दुसऱ्या चाकाखाली दुसरा. "उभी शे," ती ओरडली. "हालत नही."

निंबा स्टेअरिंग धरून बसला. त्याला वाटलं, इंजिन फुटलं. आता सगळंच गेलं. मागं वैजू दोन्ही हातांनी पोट धरून होती.

"काय व्हयनं, माय?" त्यानं मागं न बघता विचारलं.

"काय बी नही. दचकनू. बाळ बी दचकनं, लाथ मारी ऱ्हायनं."

शकीलनं बॉनेट उघडलं होतं. काही क्षण त्याचं डोकं आत होतं. मग ते बाहेर आलं, आणि तो हसत होता, इतका की त्याला बोलता येईना.

"पाइप!" तो म्हणाला. "हवेचा रबरी पाइप निघाला. क्लिप ढिली. बाकी काही नाही. निंबाभाऊ, काही नाही झालं!"

निंबा उतरून आला. खरंच, जाड रबरी पाइप टर्बोच्या तोंडावरून सुटून बाजूला पडला होता. इंजिन जिथल्या तिथं, तेल जिथल्या तिथं. त्यानं इंजिनावर हात ठेवला आणि चटका बसून काढून घेतला. मग तोही हसायला लागला. ट्रकवाला आणि त्याचा क्लीनर येऊन उभे राहिले, त्यांना काहीच कळेना. वैजूनं खिडकीतून डोकं काढलं आणि म्हणाली, "तुम्ही हासी काय ऱ्हायनात? माले घर लई चाला." त्यावर तर प्रमिलाबाईलाही आवरेना. ती धोंड्याशेजारी रस्त्यावरच बसली आणि पदरानं डोळे पुसत हसली.

शकीलनं पाइप पुसून बसवला, एकीऐवजी दोन क्लिपा आवळल्या, वरून तारेचे वेढे दिले. "आता हा माझ्या आधी नाही सुटायचा," तो म्हणाला.

निंबा पुन्हा बसला. या वेळी त्यानं कुणाच्या सांगण्याची वाट पाहिली नाही. पहिला गिअर, रेस, शिटी. मांडीवरचं यंत्र बघत प्रमिलाबाईनं आकडा सांगायला तोंड उघडलं, पण त्याआधीच त्यानं क्लच सोडला होता. गाडी चाकाखालचे धोंडे सोडून सरळ वर निघाली, ट्रकला वळसा घालून, वळणातून, पुढच्या वळणाकडं. झडप फर्र वाजली. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला.

घाट संपला. सपाटी आली. ज्वारीची शेतं, पलीकडं डोंगरांच्या रांगा, संध्याकाळचं मऊ ऊन. निंबानं गाडी हळू केली. त्याच्या खांद्यांतून काहीतरी उतरत होतं, एकदम नाही, हळूहळू, जसं ओलं कापड वाळतं तसं.

"माले भ्याव वाटे," तो म्हणाला. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही. "घाटनं. बठ्ठा दिस, रोजच वाटे."

"माहीत शे," प्रमिलाबाई म्हणाली.

मागच्या सीटवर वैजू झोपली होती. शकील तिच्या उशीला हात देऊन अवघडून बसला होता, उशी सरकू नये म्हणून.

घरी पोचल्यावर निंबाची आई सुंदरबाई हिनं लेकाच्या लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. कुणी वांग्याचं भरीत केलं, कुणी शेजारून दही आणलं. शकीलला पाटावर बसवून वाढलं, आणि त्यानं इतकं खाल्लं की सुंदरबाई खूश झाली. जेवल्यावर तो चौकातल्या एसटीडी बूथवर गेला. धुळ्यातल्या आपल्या घराशेजारच्या किराणा दुकानात फोन लावून रहिमाबीला बोलावून घ्यायला सांगितलं. ती येईपर्यंत तो रिसीव्हर कानाला लावून उभा होता, आणि निंबा बूथच्या बाहेर.

"हाँ, पहुँच गए," शकील म्हणाला. "सब ठीक. लडकी भी ठीक." मग थोडा वेळ नुसता ऐकत राहिला. "नहीं, रोता नहीं. जुकाम है."

माघात वैजूला मुलगी झाली. टर्बो त्यानंतरचा एक पावसाळा चालला. मग त्याचं बेअरिंग खरखरायला लागलं आणि शकीलनं तो उतरवून ठेवला, दुसरा सापडला की बसवू म्हणाला. तोवर त्याच्या शेडपाशी ट्रकवाले टर्बो घेऊन येऊ लागले होते. त्याचं नाव तेच राहिलं, पण आता ते हाक मारण्यापुरतं, हसण्यासाठी नव्हे.

निंबा टर्बोशिवायच नवापूरचं भाडं घेऊ लागला. माणसं कमी बसवायचा, घाटात घाई करायचा नाही. नात कडेवर बसण्याएवढी झाली तेव्हा मायलेकींना नवापूरला सोडायला तोच गेला. परत येताना गाडी रिकामी होती, आणि तो काहीतरी गुणगुणत घाट चढत होता.